शून्य वर्षाची घट

“आज दिलेला रुपया आजचाच ना, आरिफाबाई? मग त्यातून काय कापून राह्यल्या तुम्ही?” राठोड सर एवढंच म्हणाले. तेही रागावून नाही. फळ्यावरचं गणित पुसून हाताचा खडू झटकता झटकता म्हणाले, आणि वर्गातले सात-आठ जण हसले, तशी आरिफाही हसली. हसताना तिनं वहीवर तळहात ठेवला. रविवारच्या या वर्गाला एरवी वीसेक जण तरी असायचे. पण मे महिन्यातलं यवतमाळ, त्यातून परीक्षा बुधवारवर आलेली, तेव्हा ज्यांना येत होतं ते घरी बसले होते आणि ज्यांना येणार नव्हतं त्यांनी नाद सोडला होता. मधले तेवढे आले होते. आरिफा या मधल्यांमध्ये गेली दोन वर्षं होती. मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.चे तिचे बाकी सगळे श्रेयांक जमा होते, अडले होते ते वित्तव्यवस्थापनाचे चार. दोनदा नापास. एकदा एकतीस, एकदा तेहतीस, आणि पास व्हायला चाळीस लागतात. नोंदणीची आठ वर्षांची मुदत या परीक्षेबरोबर संपत होती. म्हणजे बुधवारी जमलं तर जमलं, नाही तर आठ वर्षं वाया, पुन्हा पहिल्या वर्षापासून. शिवाय बाभुळगावातल्या मुलींच्या शाळेत ऑफिसची जागा निघाली होती, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी “पदवी आण, जागा धरून ठेवते” असं तोंडभरून सांगितलं होतं. तोंडभरून सांगितलेलं जुलैपर्यंत टिकतं, त्यापुढे नाही, हे आरिफाला ठाऊक होतं.

गणित साधं होतं. एक कारखानदार लाख रुपयांचं यंत्र घेतो. पुढची तीन वर्षं त्याला वर्षाला चाळीस हजार मिळणार. उद्याचा रुपया आजच्या रुपयाच्या तोडीचा नसतो, म्हणून साल दर साल दहा टक्क्यांच्या कोष्टकाप्रमाणे त्या चाळीस हजारांची किंमत उतरवत न्यायची, तिन्हींची बेरीज करायची आणि लाखाशी ताडून पाहायची. यंत्र परवडतं की नाही ते कळतं. हे तिला तोंडपाठ होतं. पण उत्तर लिहिताना तिनं आज मोजायच्या लाखालाही कात्री लावली होती. नव्वद हजार नऊशे. मग काय, यंत्र छान परवडणारं निघालं. “तीन सराव पेपर पाह्यले मी तुमचे,” सर वर्ग सुटल्यावर तिला थांबवून म्हणाले. ते स्वतः बंजाऱ्यांच्या तांड्यावरून शिकून वर आलेले, त्यामुळे दुरून बसनं येणाऱ्यांशी त्यांचा आवाज आपोआप उतरायचा. “तिन्हीत हीच चूक. शून्य वर्ष म्हणजे आज. आजला एकानं गुणायचं. सोळा मार्कांचं गणित आहे हे, दर वेळी येतं. एवढं सुधारलं का तुम्ही पास.” ती म्हणाली, “नियम येतो सर मला.” आणि तिनं नियम म्हणूनही दाखवला, शब्दन् शब्द. सरांनी वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मग हे कोण लिहितं?”

हे कोण लिहितं. बाभुळगावच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. हात मांडीवर गुमान पडला होता. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा आणि अंगठ्याच्या मुळाशी दाभणाचा, दोन घट्टे, दोन धंदे. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती आणि बाहेर नांगरून पडलेली काळी वावरं, कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचे ढीग, एखादं निंबाचं झाड, त्याखाली उभी टीव्हीवाल्यांची गाडी. त्या वर्षांत अशा गाड्या जिल्हाभर फिरायच्या. कुणाच्या तरी अंगणात उभं राहून कुणी तरी कापसाबद्दल बोलायचं आणि गाडी पुढच्या गावाला जायची. तिच्या अब्बांसारख्या गादीवाल्याकडे कुणी येत नव्हतं, नाही तर आरिफानं सांगितलं असतं की कापूस मातीमोल झाला म्हणून कुणी गाद्या जास्त भरत नाही. उलट आहे. कापसाला भाव नसला की लग्नं पुढे जातात, आणि लग्न नाही तर गादी कोण भरणार? तिनं वही उघडली, मांडीवर टेकवली, आणि हलत्या बसमध्ये, मुद्दाम काहीच न ठरवता, गणित मांडलं. शून्य वर्ष. एक लाख. हात थांबला नाही, अडखळला नाही, समोर ०.९०९ लिहून मोकळा झाला. शेजारच्या बाईनं वहीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “किती पोरं शिकवता, मॅडम?” आरिफानं वही मिटली. तिला एकदम भीती वाटली, की बुधवारी आपण सगळं नीट वाचू, सगळं आठवू, आणि हा हात आपल्याला न विचारता परत तेच करील.

अब्बांचं दुकान बसस्टँडपासून जवळच होतं. ‘जफर गादी भंडार’ ही पाटी, आत कापूस पिंजायचं यंत्र, मागे दोन खोल्या, आणि या सगळ्यावर बारा महिने पांढरी बारीक लव. जफरमियांच्या भुवया त्या लवेनं पांढऱ्या की वयानं, हे आता कुणाला सांगता आलं नसतं. छातीत ती लव गेल्याला तर कैक वर्षं झाली होती. बोलता बोलता ते थांबत, खोकत, आणि जिथं थांबले तिथूनच पुढे बोलू लागत, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा विचार करून बोलतो. “काय म्हनत होते सर?” त्यांनी विचारलं. “एक चूक होऊन राह्यली म्हणे.” “मोठी?” “नाई. बारीक आहे,” आरिफा म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या मनात काही तरी खुपलं. सोळा मार्कांची चूक बारीक कशी? पण तिनं नेहमी असंच सांगितलं होतं. ताप आला तर कणकण म्हणायची, दोनदा नापास झाली तर ‘थोडक्यात राहिलं’ म्हणायची. पहिलं स्थळ मोडलं तेव्हा ती ‘तसंही लांबचंच होतं’ असं म्हणाली होती, आणि ते स्थळ यवतमाळचं होतं. ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून ती बातमी हातात घेऊन आधी थोडी हलकी करायची आणि मगच पुढे करायची. जफरमियांनी मान हलवली. “बारीक असन तं होऊन जाइन,” ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करू लागले.

सोमवारी सकाळी तांड्यावरची बिजलीबाई गोधडीएवढं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. हातभर बांगड्या, घामानं डबडबलेलं तोंड, आणि आल्या आल्या पाणी मागायच्या आधी भावाची घासाघीस. नातीचं लग्न शुक्रवारवर आलं होतं आणि नवी गादी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तिनं आपल्या स्वतःच्या लग्नातल्या गादीचा कापूस काढून आणला होता; तोच पिंजून, नवी खोळ घालून नातीला द्यायची. “चाळीस वर्सं झोपली मी याच्यावर,” ती म्हणाली, “आता ते झोपन.” आरिफानं गाठोडं काट्यावर टाकलं. काटा डुलला, थांबला. पाच किलो. तिनं चिठ्ठी ओढली, तारीख घातली, ‘बिजलीबाई, तांडा’ लिहिलं आणि पुढे लिहिलं, साडेचार.

“ए छोरी,” बिजलीबाई म्हणाली. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे सगळे येत होते. “पाच भरलं ना? म्या सोताच्या डोयानं पाह्यलं.”

“पाचच भरलं, मावशी. पण पिंजल्यावर कचरा जाते, धूळ जाते. साडेचार मिळन तुमाले. म्हणून आधीच साडेचार लिवतो आमी.”

“मंग जाइन तवा जाइन ना! जाइन तेवढं मंग काप. आज म्या पाच आनलं, पाच लिही.” बिजलीबाईचा आवाज भांडणाचा नव्हता, समजावणीचा होता, आणि त्यानंच आरिफाला कसंसं झालं. “मी आनलं ते तं मी आनलंच ना, बाई. तीन कोस डोक्यावर आनलं. ते कमी कसं होइन?”

आरिफानं साडेचारवर काट मारली आणि पाच लिहिलं. लिहिताना हात जड झाला, खरंच जड झाला. जफरमिया आतून म्हणाले, “अवो बाई, आमची रीतच हाये तशी, सगळ्याइचंच तसं लिवतो,” पण बिजलीबाईनं चिठ्ठी पदराच्या गाठीत केव्हाच बांधली होती आणि ती पाणी मागत होती. आरिफानं तिला तांब्या दिला. ती पाणी पीत असताना तिच्या गळ्याची हालचाल पाहत आरिफा उभी राहिली, आणि रविवारपासून शोधत होती तो हात तिला सापडला.

नऊ वर्षांची होती आरिफा, चौथीत. एका मास्तरांची बायको दुकानात उभी राहून ओरडत होती की गादीवाल्यानं आपला कापूस चोरला, सात किलो दिला आणि साडेसहा परत आला. जफरमिया तेव्हा हातानं, धनुकलीवर पिंजायचे, भुवया काळ्याभोर होत्या, आणि ते सगळ्या बाजारासमोर खाली मान घालून उभे होते. कचरा दाखवला तर ती बाई म्हणाली, हा कचरा दुसऱ्याचा. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आरिफाला काट्याजवळ उभं केलं, कारण घरात अक्षर तिचंच बरं होतं, आणि म्हणाले, “बेटा, इथून पुढं आपुन घट आधीच सांगून टाकाची. आला पाच, तं लिवाचं साडेचार. मंग पाव किलो जास्त भरला तं गिऱ्हाईक दुवा देते. आधी पाच लिवलं आन मंग साडेचार देल्लं तं चोर म्हनते.” त्यात लबाडी काहीच नव्हती. उलट एका माणसानं आपली अब्रू राखायला शोधलेली ती वाट होती, आणि खरंच, त्यानंतर दुकानात कधी भांडण झालं नाही. आणि आरिफा लिहीत गेली. शाळेतून येऊन, सुट्टीत, ईदच्या आदल्या दिवशी, अठरा वर्षं, तारेला टोचलेल्या हजारो चिठ्ठ्या, आणि त्यातल्या एकाही चिठ्ठीवर जेवढं आलं तेवढं लिहिलेलं नव्हतं. आजचा आकडा म्हणजे आधीच कापलेला आकडा, हे हाताला कुणी वेगळं शिकवायची गरजच राहिली नाही. कोष्टकातलं शून्य वर्ष त्याला कुठून कळणार!

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. ती पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यासाला बसली आणि मग तिला आपण कशावर वही ठेवली आहे ते दिसलं. रोज दिसायचं, पण आज दिसलं. पेटीवर हिरव्या रंगात लिहिलेलं होतं, ‘आरिफा जफर, बी.कॉम. भाग १’. तिच्या अम्मीनं, हलीमानं, पेंटरला पाच रुपये देऊन लिहून घेतलं होतं. बारावीला तालुक्यात पहिल्या पाचात आली होती आरिफा. अमरावतीच्या कॉलेजात नाव लागलं होतं, वसतिगृहात खाटही मिळाली होती, दुसऱ्या मजल्यावरची, खिडकीजवळची. पेटीत दोन चादरी, एक आरसा आणि हलीमानं केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा भरून झाला होता. ते कापसाचं पहिलं वाईट साल. आदल्या दिवाळीच्या पावसात बोंडं झाडावर सडली होती, गिऱ्हाईक आटलं, त्यातच जफरमियांचा खांदा धनुकली ओढून ओढून निकामी झाला. मग अमरावतीसाठी ठेवलेल्या पैशात हे यंत्र आलं. यंत्राला दोन माणसं लागतात, एकानं कापूस घालायचा, दुसऱ्यानं पुढून गोळा करायचा. आणि एका सकाळी अब्बा म्हणाले, “एक साल थांब, बेटा. एकच साल. तसंही तुले हॉस्टेलचं खानं कुठं चालते? आन बी.कॉम. काय, घरूनही होते.” एक साल. खाणं. घरूनही होतं. त्यांनी आधीच कापून, हलकं करून, हातात दिलं होतं, आणि तिनं दिलेला आकडा तसाच लिहून घेतला होता. पुढे कुणी विचारलं तर तीच सांगू लागली, “मलेच तशी आवड नव्हती.” इतक्यांदा सांगितलं की आवड नव्हती हे तिला खरंच वाटू लागलं. हलीमाला मात्र कधी पटलं नाही. ती काही बोलली नाही, पण पुढच्याच उन्हाळ्यात मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून तिनं पहिली फी स्वतः भरली, आणि दुसऱ्या वर्षी वारली. पेटीत आता गाद्यांच्या खोळी आणि दोऱ्याची रिळं असत.

आरिफानं गणित मांडलं. शून्य वर्ष, एक लाख. हात ०.९०९ कडे निघाला तो तिनं डाव्या हातानं धरला, अक्षरशः मनगट धरलं, आणि लिहिलं, १. गुणाकार, एक लाख. मग पुढची तीन वर्षं. छत्तीस हजार तीनशे साठ, तेहतीस हजार चाळीस, तीस हजार चाळीस. बेरीज नव्व्याण्णव हजार चारशे चाळीस. लाखातून वजा. पाचशे साठ रुपयांचा तोटा. यंत्र परवडत नाही, प्रस्ताव नाकारावा. ती त्या ओळीकडे बघत बसली. म्हणजे इतके दिवस सौदा परवडणारा दिसत होता तो एवढ्याचसाठी, की आज जे द्यायचं तेच आपण कमी करून मांडत होतो. दिलेलं पूर्ण लिहिलं की सौदा परवडत नाही. तिला वाटलं आता रडू येईल, पण रडू आलं नाही, राग आला. राग येण्याची सवय नसल्यामुळे तो राग आहे हे कळायलाही तिला थोडा वेळ लागला. कान तापले होते. खिडकीजवळची खाट तिला इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्या पट्ट्या मोजता आल्या असत्या, आणि ती त्या खाटेवर एकदाही बसली नव्हती. जायचं होतं मला, तिनं मनात म्हटलं. मग परत म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी त्याला ‘तसंही’ जोडलं नाही. मागून जफरमिया चहाचा कप घेऊन आले, पेटीच्या कोपऱ्यावर ठेवला, खोकले आणि म्हणाले, “सुटलं का?” “सुटलं,” ती म्हणाली. एवढ्या रागातही तिला बशीत सांडलेला चहा दिसला, आणि तिचा राग होता तिथंच राहिला, फक्त त्याच्या शेजारी हे येऊन बसलं. एकानं दुसऱ्याला उठवलं नाही. मंगळवारी तिनं तेच गणित अकरा वेळा सोडवलं.

बुधवारी परीक्षेच्या खोलीत पंखा नुसता आवाज करत होता. गणित चौथ्या प्रश्नात होतं. आकडे वेगळे होते, पण यंत्र होतं आणि वर्षं होती. बाजूच्या बाकावरचा मुलगा कोष्टकावर बोट ठेवून दुवा मागितल्यासारखा पुटपुटत होता. आरिफानं ‘शून्य वर्ष’ लिहिलं आणि डोळे मिटले. तिला बिजलीबाईचं तोंड दिसलं, घामानं डबडबलेलं, डोक्यावरच्या ओझ्यानं मान ताठ. तिनं लिहिलं, १. हात जड झाला नाही. उत्तर वेगळंच आलं, या यंत्राला चांगलाच नफा होता, आणि तिला ते बरं वाटलं. म्हणजे पूर्ण लिहूनही काही सौदे परवडतात. बाकीचा पेपर नेहमीसारखा गेला, तीस-बत्तीसचा. पण हे सोळा तिचे होते. पुरवणीला दोरा बांधताना तिनं सवयीनं गादीची गाठ मारली.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि बिजलीबाईची गादी भरून, टाके घालून, दारात उभी केलेली होती. जफरमिया जवळ स्टुलावर बसले होते. “कसा गेला?” त्यांनी विचारलं. ‘बरा गेला’ हे तिच्या ओठापर्यंत आलं होतं. “चांगला गेला,” ती म्हणाली. “पास होते मी.” मुलीनं इतका सरळ आकडा सांगितल्याची त्यांना सवय नव्हती. “ते चूक?” “ते नाई केली.” मग त्यांनी विचारलं म्हणून तिनं चूक समजावून सांगितली. यंत्र, आजचे लाख, पुढची वर्षं. आणि आपण आजच्या आकड्यालाच आधी घट कशी लावत होतो ते. बोलताना तिच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. पण घट हा शब्द आला आणि जफरमियांचे हात टाक्यांवरून फिरायचे थांबले. धंद्याचा माणूस तो. हिशेब त्यांना कळायला वेळ लागला नाही, आणि कोणता हिशेब तेही. त्यांची नजर पेटीकडे गेली.

“एक साल थांब म्हनलं होतं मी तुले,” ते म्हणाले.

“हो, अब्बा.”

“मले तवाच माईत होतं. एका सालात नाई होत ते.” ते थांबले. या वेळी खोकला नव्हता. “घट आधीच सांगतली मी तुले. घट तं कमीच सांगतली. आन तू काई बोल्लीच नाई, तं मले वाटलं, तेवढंच गेलं असन पोरीचं.”

आरिफा दाराच्या उंबऱ्यावर बसली. बाहेर बसस्टँडवर कुठली तरी बस लागत होती, अमरावतीची असेल, कंडक्टर ओरडत होता. नऊ वर्षं तिनं ती हाक रोज ऐकली होती. तिला वाटलं, आता म्हणावं, जाऊ द्या ना अब्बा, झालं ते झालं. तोंडात तयारच होतं ते.

“मले जायचं होतं, अब्बा,” ती म्हणाली. “लई जायचं होतं.”

जफरमियांनी मान हलवली. मग ते उठले, पेटीजवळ गेले, झाकण उघडलं आणि आतल्या खोळी एक एक करून काढून बाजूच्या लाकडी फळीवर ठेवू लागले. “पेटी तुही हाये, बेटा,” ते म्हणाले.